फॉरमॅट करू का, असं विचारलं तर

पिशोरच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ आहे. दर्शनी भागात पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. मागच्या खोलीत लग्नाचे अल्बम आणि पत्रिका. कन्नड तालुक्यात आल्याचे, कापसाचे, मक्याचे पैसे हातात आले की लग्नं ठरतात आणि आसपासच्या वस्त्यांवरची माणसं पत्रिकेचा मजकूर वहीच्या पानावर लिहून इथे येतात. संपादकांनी ‘अजून चालू असलेली जुनी यंत्रं’ या मालिकेसाठी मला पाठवलं, तेव्हा त्यांच्या मनात गुऱ्हाळ किंवा ट्रेडल छपाईयंत्र असावं. मी थांबलो ते या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपाशी. त्याला जोडलेली एक्स्टर्नल हार्डडिस्क टिकटिक करत होती आणि गावातल्या कितीतरी घरांचे फोटो फक्त तिच्यातच होते.

स्टुडिओवाल्या भाऊंनी सांगितलं, “लावली की दिसती, मंग जाती. काल तर विचारून राहिली, फॉरमॅट करू का म्हणून.”

तिच्यात लग्नं तर आहेतच. शिवाय शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती, दिंड्या, २०१२-१३ च्या दुष्काळातल्या कोरड्या विहिरी. पण भाऊंना जपायचे आहेत ते वेगळेच फोटो. कुणी वारलं की घरचे श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी येतात आणि मोबाईलमध्ये एकही धड फोटो नसतो. मग भाऊ विचारतात, कुणाच्या लग्नात फेटा बांधला होता का? पाचसात वर्षांपूर्वीच्या एखाद्या वरातीत तो माणूस हसताना सापडतो. त्याच्या घरी तो फोटो नसतो, या डिस्कमध्ये असतो.

इतकं मोलाचं सामान इतक्या जुन्या कॉम्प्युटरला का जोडायचं, हे शहरातल्या वाचकाला पडणारं कोडं. उत्तर मराठी अक्षरात आहे. पत्रिका पेजमेकरमध्ये लागतात आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतली. त्या काळचे हे फॉन्ट युनिकोडपूर्व. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली आणि तो फॉन्ट नसला, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. सॉफ्टवेअरच्या परवान्याचं लॉक जुन्या प्रिंटर पोर्टला लागतं आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. त्यामुळे विंडोज एक्सपी अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. पिशोरच्या त्या खोलीत तिला सुट्टी मिळालेली नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतून असे कॉम्प्युटर अजून राबत आहेत. जुन्या खोडाला चिकटलेले लोक म्हणून ते वापरणाऱ्यांना हिणवणं अन्याय आहे. हाती असलेलं काम ती माणसं पार पाडतात.

हार्डडिस्कचा अधिकृत इतिहास लवकर सांगून होतो. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्डडिस्क बाजारात आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या आसपास आणि जागा सुमारे ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाईलचा एखादा फोटोही तेवढी जागा खातो. वाचणाऱ्या हेडची ताकद वाढवणाऱ्या शोधाला, म्हणजे अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांच्या कामाला, २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढं पुरे. मला गुंतवून ठेवलं ते त्या टिकटिकीने.

तळहातावर मावणाऱ्या या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेतात. बाहेरच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या घरात जातो. कन्नडजवळचा औट्रम घाट उतरून सपाटीला लागलेली एसटी एवढ्याच वेगाने धावते. त्या फिरण्याने हवेचा पातळ थर तयार होतो आणि त्यावर हेड तरंगतं, तबकडीपासून अवघे काही नॅनोमीटर वर. माणसाचा केस ऐंशी-नव्वद हजार नॅनोमीटर जाड असतो. हेड टेकलं तर अक्षरं खरवडली जातात. मग अचानक लाईट गेली तर? मोटर बंद झाली तरी तबकडी क्षणभर स्वतःच्या गतीने फिरत राहते. त्या क्षणापुरती तीच मोटर जनित्र होते आणि त्या चिमूटभर विजेवर डिस्क आपलं हेड ओढून बाजूच्या उतारावर नेऊन ठेवते. मरता मरता स्वतःचं लेखन वाचवण्याची ही व्यवस्था कुण्या अभियंत्याने विचार करून बसवली आहे. हे कळल्यापासून हार्डडिस्क निर्जीव डबी वाटेनाशी होते.

म्हणून टिकटिक ऐकल्यावर पहिलं काम म्हणजे हात आवरणं आणि कान देणं. तबकडी वेग घेते, मध्येच दम तुटतो, टिक होतं, पुन्हा वेग घेते, असा क्रम असेल तर बहुधा विजेचा तुटवडा आहे. तो ‘टिक’ म्हणजे डिस्कने हेड सुरक्षित जागी परत नेल्याचा आवाज. जुन्या यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत एवढाच नियम, नव्या ३.० ला ९००. छोट्या डिस्कला सुरुवातीची फिरकी घेताना मात्र एक अँपिअरच्या आसपास लागू शकतो. भाऊंची डिस्क सीपीयूच्या पुढच्या पोर्टमध्ये होती, तीही एका हबमधून, ज्यावर माऊस आणि कार्ड रीडरसुद्धा पोसले जात होते. पुढचे पोर्ट आतल्या लांब, बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. वाटेत वीज आणखी गळते. वीज पुरवणारा जुना एसएमपीएस थकलेला असला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले असले, की ५ व्होल्ट ५ राहत नाहीत.

भाऊंनी हब काढला, डिस्क मागच्या पोर्टला लावली, केबल बदलली. या डिस्कची रुंद पिन ढिली होण्यात अव्वल, म्हणून केबल बदलणं कधी वगळू नये. दोन पोर्टांतून वीज घेणारी दुहेरी केबल हा पुढचा उपाय; तीही त्यांनी कपाटातून काढली. टिकटिक थांबली. एकसुरी घरघर सुरू झाली.

तरीही ‘माय कॉम्प्युटर’मध्ये काही आलं नाही. इथे घाबरून लोक भलतं करतात. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ती तिथे दिसत होती, फक्त तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालं नव्हतं. तिचं नेहमीचं अक्षर नेटवर्कच्या एका फोल्डरने बळकावलं होतं. नवं अक्षर दिलं, फोल्डर उघडले. एक्सपीची ही खोड जुनी आहे.

इथवर सगळं शिकण्यासारखं, हाताला यश देणारं. पुढचं तसं नाही.

कॉपी सुरू केली आणि एका फोल्डरवर ती अडून बसली. तबकडीचे काही भाग वाचता येत नव्हते. विंडोज अशा वेळी एकाच जागी पुन्हा पुन्हा धडका मारत राहते आणि थकलेलं हेड आणखी थकतं. चेकडिस्क चालवावी, हा गावोगावी मिळणारा सल्ला या अवस्थेत घातक ठरू शकतो, कारण ती फोल्डरची रचना दुरुस्त करायला डिस्कवरच लिहू लागते. फॉरमॅटचा प्रश्न तर नाकारायचाच. ‘फॉरमॅट करू का’ याचा अर्थ एवढाच, की विंडोजला डिस्कवरची रचना कळत नाही. फोटो गेले असा त्याचा अर्थ नाही, आणि ‘हो’ म्हटल्याने ते परतही येत नाहीत.

योग्य वाट म्हणजे आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्यायची आणि शोधाशोध त्या नकलेत करायची. लिनक्सवर चालणारं जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकटचं साधन यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, अडलेली जागा ओलांडून पुढे जातं आणि हट्टी भागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो याची नोंद ते फाईलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. वळवाच्या वादळात तारा तुटणाऱ्या भागासाठी हा गुण सोन्याचा आहे. दुकानातला यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो आणि काम तासांचं असतं. यूएसबी २.० प्रत्यक्षात सेकंदाला तीसएक मेगाबाईट देतो; ५०० जीबीची डिस्क पूर्ण निरोगी असली तरी साडेचार तास लागतात. ड्रायव्हर नसल्याने जुना पीसी यूएसबी १.१ च्या वेगावर घसरला, तर तेच काम पाच दिवसांवर जातं. म्हणून नक्कल शक्यतो नव्या लॅपटॉपवर घ्यावी. मग जुना पीसी कशाला, तर त्या नकलेतल्या पत्रिका वाचायला.

भाऊंनी नक्कल ठेवायला ४ टीबीची नवी डिस्क मागवलेली होती. ती लॅपटॉपवर चालते, एक्सपीवर उघडत नाही. कारण जुनी विभागणी पद्धत ५१२ बाईटच्या सेक्टरनुसार साधारण २ टीबीपर्यंतच मोजू शकते. त्यापुढच्या डिस्क जीपीटी पद्धतीने विभागतात आणि ३२ बिटांची एक्सपी ती पद्धत वाचत नाही. तिला तिथे नुसतं ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ दिसतं. जुन्या यंत्रासाठी २ टीबी किंवा त्याहून लहान डिस्क घ्यावी, हे दुकानात विकत घेताना कुणी सांगत नाही.

आणि हेडच निकामी झालं असेल तर गावातली सगळी विद्या संपते. ठराविक अंतराने, चांगल्या पोर्टवर, चांगल्या केबलवरही टकटक चालूच राहिली, तर वीज तोडायची आणि पुन्हा लावून बघायची नाही. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय करू नये. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. झाकण उघडू नये. हवेतले जे कण पीएम २.५ म्हणून मोजतात, तेच अडीच हजार नॅनोमीटरपर्यंतचे असतात, आणि हेड तरंगतं ते काही नॅनोमीटरवर. काही डिस्कमध्ये यूएसबीची पिन थेट आतल्या बोर्डवरच असते आणि डाटा त्याच बोर्डवर कुलूपबंद होतो, त्यामुळे बाहेरचा डबा बदलण्याची युक्तीही तिथे चालत नाही. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून बसवला तरी काम होत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या हेडची मापं तिच्याच बोर्डवरच्या चिपमध्ये असतात. ती चिपही हलवावी लागते. धूळमुक्त खोली असलेली प्रयोगशाळा मोठ्या शहरात, तिचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट, आणि यशाची हमी तिथेही कुणी देत नाही.

मी निघालो तेव्हा नक्कल चालू होती आणि काही भाग अजून वाचले गेले नव्हते. त्यातल्या एकात त्या आठवड्यात मागितलेला एक फोटो असण्याची शक्यता होती. तो मागणारा मुलगा दुपारी येऊन गेला. भाऊ त्याला म्हणाले, “दादा, सांच्याला फोन करतो,” आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

फोटोवाले, पत्रिकावाले, सेतू केंद्रवाले आणि घरातल्या कपाटात अशी एक डबी ठेवून निश्चिंत झालेले सगळे, यांना माझी विनंती आहे. तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू व्हायच्या आत दुसरी डिस्क घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. जुन्या पत्रिका पीडीएफ करून ठेवा, म्हणजे फॉन्ट गेला तरी मजकूर वाचता येईल. नव्या डिस्कची किंमत लग्नाच्या एका ऑर्डरमध्ये निघते.