मालमोटारीला वारसा नसतो काय?

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी, खाडीकाठी, नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका संग्रहालयासाठी आणून ठेवण्यात आली, ही गोष्ट कल्याणकरांना अभिमानास्पद वाटली तर त्यात नवल नाही. ज्या खाडीशी शिवछत्रपतींच्या आरमाराची परंपरा जोडलेली आहे तेथे आधुनिक आरमाराची एक खूण उभी राहावी, हे उचितच झाले. परंतु त्याच दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीकडे रात्रंदिवस जाणाऱ्या मालमोटारींकडे पाहताना मनात एक प्रश्न येतो. गेल्या पाऊणशे वर्षांत हा परिसर जिच्या पाठीवर बांधला गेला, ती मालमोटार मात्र वय झाले की थेट गॅसकटरच्या हवाली होते. तिच्यापैकी एखादी तरी राखून ठेवावी, असे ना नगरपालिकेला वाटते, ना सरकारला. वाटते ते मूठभर छंदिष्टांना. आणि त्यांची आपण फार तर थट्टा करतो.

थट्टेपुरतेच हे राहिले असते तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणजे वारसा-वाहनाचा दर्जा देण्याची सोय केली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत आणि प्रदर्शन, शर्यती-मिरवणुका, संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर येण्याची मुभा, अशी ती व्यवस्था आहे. व्यवस्था चांगली आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या व्याख्येविषयी. खासगी वापराची दुचाकी आणि खासगी वापराची प्रवासी मोटार एवढ्यांनाच हा दर्जा मिळतो. संस्थानिकाची रोल्सराईस वारसा ठरते. त्याच संस्थानातून कापसाचे गठ्ठे बंदरापर्यंत वाहून नेणारी मालमोटार ठरत नाही. ती कितीही जुनी असो, कितीही निगुतीने राखलेली असो, कायद्याच्या लेखी ती मालवाहू वाहनच. तिने दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्रासाठी कालच्या टिपरशेजारी रांगेत उभे राहिले पाहिजे.

याच व्याख्येत दुसरीही एक अट आहे, आणि उद्या मालमोटारींना दरवाजा उघडला तरी ती आड येईल. वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याची चासी, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी ती अट आहे. मोटारगाडीच्या बाबतीत ती रास्त आहे, कारण मोटारगाडी कारखान्यातून पुरी होऊन बाहेर पडते. आपल्याकडची मालमोटार तशी पडत नसे. कारखान्यातून निघे ती नुसती चासी: इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढचे तोंड. तिच्यावर लाकडी खोके ठोकून, डोक्याला मुंडासे बांधून आणि डोळ्यांना गॉगल लावून चालक ती शेकडो मैल उघड्यावर हाकीत नेई. त्यानंतर कोठल्या तरी गावी सुतार, लोहार आणि रंगारी मिळून तिची केबिन, हौदा आणि फाळका घडवीत. लाकूड स्थानिक, माप मालकाच्या धंद्याप्रमाणे, नक्षी कारागिराच्या मर्जीप्रमाणे. अशा गाडीचे ‘मूळ स्वरूप’ कोणते म्हणावयाचे? जमशेदपूरचे, की ज्या सुताराने तिला अंग दिले त्याचे?

इंजिनाची कथा याहूनही गुंतागुंतीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या शेव्हरोले, फोर्ड, डॉज गाड्या लिलावात विकल्या गेल्या आणि अनेक वाहतूकदारांचा धंदा त्यांवर उभा राहिला. कल्याणजवळची त्या काळची लष्करी छावणी सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. लष्कराचे सामान, लष्कराच्या बराकी आणि लष्कराच्या गाड्या यांतून नवे संसार उभे राहण्याचा तो काळ होता. इकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, फार्गो आणि डिसोटो या नावांच्या मालमोटारी जोडावयास आरंभ केला. नावे तीन, परंतु गाडी बहुतांशी एकच. ज्या विक्रेत्याकडे जे नाव, ते नाव तोंडावर. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा या पेट्रोलच्या गाड्यांची इंजिने काढून त्यांत पर्किन्सची पी-सिक्स ही सहा सिलिंडरची डिझेल इंजिने बसविण्याची लाट आली. मद्रासची सिम्प्सन कंपनी ती इंजिने तयार करीत असे. म्हणजे अमेरिकी चासी, मूळचे विलायती इंजिन मद्रासेत घडलेले आणि कल्याण-भिवंडीचा सागवानी हौदा, असे ते त्रिवेणी वाहन. त्याला फेरफार म्हणणे म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्यालाच फेरफार म्हणणे होय.

यावरून या छंदिष्टांतही पंथ पडले आहेत. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्याने पाठविली तशी करा. डिझेल काढा आणि मूळचे पेट्रोल इंजिन कोठूनही शोधून आणा. दुसरा म्हणतो, ती ज्या रूपात चाळीस वर्षे राबली त्याच रूपात राखा. तिसरा, तरुणांचा, जुने तोंड ठेवून आत नवे ब्रेक, नवी गिअरपेटी आणि मऊ आसने बसवू पाहतो. या तिसऱ्यांचा उत्साह पाहून आनंद होतो. परंतु निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलात मनास येईल तसा बदल करता येणार नाही, हे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. प्रस्तुत लेखकाचा कौल विचाराल तर तो दुसऱ्या पंथाला आहे. मालमोटार ही वापराने घडलेली वस्तू आहे. तिच्यावरचा वापर पुसून टाकला तर उरेल ते फार तर कंपनीच्या माहितीपत्रकातले चित्र.

आणि काम तरी कसे चालते! वर्षानुवर्षे पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन जाम झालेले असते. त्याच्या सिलिंडरांत घासलेट आणि तेल ओतून वाट पाहावयाची आणि दररोज संध्याकाळी फ्लायव्हीलला पहारीने हलका रेटा द्यावयाचा. जोर लावला तर पिस्टन तुटेल. न लावला तर हलणार नाही. मग एखाद्या दिवशी तो केसभर हलतो, आणि ही वार्ता त्याच रात्री दहा मित्रांना कळविली जाते. बाहेरच्या माणसास हे हास्यास्पद वाटेल. घरच्यांना तर वाटतेच. परंतु त्या दहाजणांत कोणीतरी असा असतो की, ज्याचा पिस्टन गेले चार महिने हललेला नाही. त्याला त्या केसभर हालचालीचे मोल कळते. रंग खरवडताना निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लष्करी रंग निघतो आणि मध्येच एखाद्या बंद पडलेल्या वाहतूक कंपनीचे अर्धे नाव. गॅस्केट बाजारात मिळत नाही म्हणून पत्रा आणि बुचाच्या चादरीतून हातोडीने ठोकून कापावयाचे. बुश डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेथवर कातून घ्यावयाचे. चाकाची कडी नीट न बसविता हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते, म्हणून चाकाला साखळदंड बांधून हवा भरावयाची, हे ज्ञान छापील पुस्तकापेक्षा महामार्गावरच्या टायरवाल्याच्या हातात अधिक असते.

येथे खरी घाई आहे. लोखंड आणखी वीस वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत. पर्किन्सचा पंप कानाने जुळविणारे मिस्त्री, कमानीचे पाटे भट्टीत तापवून पुन्हा वाकविणारे लोहार, फाळक्यावर मोर आणि कमळ काढणारे रंगारी आज वृद्ध झाले आहेत. (‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे व्यापारी वाहनांवर लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी झाली. रस्त्यावरच्या कर्कश्शपणाला तो उपाय असेलही; परंतु रंगाऱ्याच्या पोटाचा एक कोपरा त्याने खाल्ला.) त्यांच्याकडून शिकावयाचे तर शिकण्यासाठी प्रत्यक्ष गाडी हवी, आणि गाडी ठेवावयास जागा हवी. कल्याण-डोंबिवलीत माणसाला स्कूटर उभी करावयास जागा मिळत नाही, तेथे वीस फुटांची मालमोटार तो ठेवणार कोठे? ज्या गावच्या प्रीमियर कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ मोटारी तयार होत, तेथेही त्या नावाची ओळख आज मुख्यतः मैदानामुळे आणि वसाहतीमुळे उरली आहे.

जुनी डिझेल वाहने हवा दूषित करतात आणि त्यांचे ब्रेक भरवशाचे नसतात, हा आक्षेप खोटा नाही. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणण्याचा निर्णय त्याच विचाराने झाला, आणि धूर ओकणारी गाडी रोज रस्त्यावर असू नये याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु वर्षाकाठी चार वेळा मिरवणुकीला निघणाऱ्या गाडीचा धूर तो किती? मोटारगाड्यांना जी मर्यादित मुभा दिली तीच मर्यादा मालमोटारींनाही लावता येईल. उलट त्या सरकारी निर्णयाने एक नवीनच हानी होते आहे. अग्निशमन बंब, पाण्याचे टँकर, एसटीच्या गाड्या सरसकट मोडीत जात आहेत आणि त्यांतून एक नमुना बाजूला काढावा असे कोणाचे कामच नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती बेडफर्ड बनावटीची होती. त्या आरंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, सेडन अशा कितीतरी बनावटी होत्या. आज त्यांची लाकडी-पुठ्ठ्याची प्रतिरूपे हौशी कारागीर घरी बसून करतात आणि लोक ती कौतुकाने पाहतात. खऱ्या गाडीच्या वाट्याला हे कौतुक आले असते तर प्रतिरूपांवर तहान भागवावी लागली नसती.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात निजामाच्या रेल्वेचा १९१४ सालचा जॉन मॉरिस अग्निबंब जपलेला आहे. तो राहिला, कारण रेल्वेला संग्रहालय होते. रस्त्यावरील मालवाहतुकीला महाराष्ट्रात तसा आश्रय नाही. इंग्लंडमध्ये जुन्या मालमोटारी दरवर्षी लंडनहून ब्रायटनपर्यंत दौडत जातात, अमेरिकेत त्यांच्या इतिहासासाठी १९७१ पासून स्वतंत्र संस्था आहे. आपल्याला एवढ्यावर जाण्याची गरज नाही. केंद्राने व्याख्येत मालवाहू वाहनांचा वर्ग घालावा आणि ‘मूळ स्वरूप’ या शब्दांत त्या काळी रूढ असलेली बांधणी व इंजिनबदल यांचा समावेश करावा. ठाणे जिल्ह्यातील महापालिकांनी मोडीत जाणाऱ्या वाहनांपैकी प्रत्येक प्रकारचे एकेक राखावे आणि एखादी पडीक शेड या छंदिष्टांना भाड्याने द्यावी. भाडे ते देतील.

तोवर स्थिती अशी की, तीन-चार वर्षे खपून, पदरचे पैसे घालून माणूस जुनी फार्गो चालू करतो, ती पहिल्या सेल्फला धडधडते, आणि तिला प्रदर्शनाला न्यावयाचे ठरले की दुसरी मालमोटार भाड्याने आणून तिच्या पाठीवर हिला चढवावी लागते.