एक्सप्लेनर : प्रमेय पाठ, तरी गुण का जातात? 'नेट'च्या गणितातली गोम समजून घ्या

सीएसआयआर-नेटच्या गणिताच्या पेपरमध्ये भाग 'क'मधला प्रत्येक प्रश्न ४.७५ गुणांचा असतो. एक किंवा अनेक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. त्यामुळे प्रमेय नुसतं आठवून भागत नाही, त्याच्या अटीही तपासाव्या लागतात. कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आणि लिनिअर ऑपरेटरमधली ही तीन उदाहरणं पाहा.

संख्या कोणत्या?

प्रतलावरचा प्रत्येक सदिश ९० अंशांनी फिरवणारा ऑपरेटर घ्या. आयगेन व्हेक्टर म्हणजे ऑपरेटर लावल्यावरही आपल्याच रेषेवर राहणारा, शून्य नसलेला सदिश. इथे तर प्रत्येक सदिश वळतो. म्हणून वास्तव संख्यांत एकही आयगेन व्हॅल्यू नाही. संमिश्र संख्या चालत असतील, तर मात्र दोन मिळतात : आय आणि उणे आय. ऑपरेटर तोच, पण प्रश्नात 'वास्तव' आहे की 'संमिश्र', यावर उत्तर बदलतं.

मिती किती?

मर्यादित मितींच्या अवकाशात स्वतःवरच काम करणारा लिनिअर ऑपरेटर वन-वन असेल, तर तो ऑन्टो असतोच. आता अनंत पदांच्या क्रमिका घ्या. प्रत्येक पद एक घर पुढे सरकवा आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात ० ठेवा. वेगळ्या क्रमिकांची उत्तरं वेगळीच येतात, म्हणजे ऑपरेटर वन-वन आहे. पण ५ ने सुरू होणारी क्रमिका उत्तर म्हणून कधीच येणार नाही. म्हणजे तो ऑन्टो नाही. 'मर्यादित' हा एक शब्द सुटला की पर्याय चुकतो.

कंसाचं काय झालं?

कॉस क्ष भागिले (१ + क्ष²) याचं उणे अनंत ते अनंत इंटिग्रल काढायचं आहे. नेहमीची रीत अशी : वास्तव अक्षावर अर्धवर्तुळ काढा, आतला रेसिड्यू शोधा, त्रिज्या वाढवली की कंसाचा वाटा शून्य होतो असं धरा. क्षच्या जागी थेट संमिश्र चल ठेवून हे केलं, तर उत्तर सुमारे ४.८५ येतं. ते चूक आहे. वास्तव अक्षापासून वर जाताना कॉसचं मूल्य झपाट्याने वाढतं, त्यामुळे कंसाचा वाटा शून्य होत नाही.

यावर उपाय म्हणजे कॉसऐवजी 'ई'चा आय-क्ष घात घ्यायचा आणि शेवटी वास्तव भाग ठेवायचा. वरच्या अर्ध्या प्रतलात त्याचं मूल्य १ च्या पुढे जात नाही. बरोबर उत्तर येतं पाय भागिले ई, म्हणजे सुमारे १.१६.

ही चूक पकडायला अर्धं मिनिट पुरतं. वास्तव संख्यांसाठी कॉसचं मूल्य १ पेक्षा मोठं नसतं आणि १ भागिले (१ + क्ष²) याचं इंटिग्रल पाय, म्हणजे सुमारे ३.१४ आहे. मग उत्तर ४.८५ येईलच कसं? पर्यायावर खूण करण्याआधी असा एक ढोबळ अंदाज काढून बघा.