स्वप्नाला सखी हवी

आघाताने खचलेली नायिका, तिच्या स्वप्नात येणारा अनोळखी पुरुष आणि त्या प्रीतीतून हळूहळू बरे होणारे मन, अशा धर्तीच्या अद्भुत कादंबऱ्या आजची तरुण मंडळी आवडीने वाचतात. वडीलधाऱ्यांना तो रिकामपणाचा उद्योग वाटतो. मी कामगार चळवळीतला माणूस. भाकरीचा प्रश्न सोडून स्वप्नांच्या मागे लागणे मलाही बरीच वर्षे पळपुटेपणाचे वाटे. ते मत मला बदलावे लागले.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भागवताच्या दशम स्कंधात बाणासुराची कन्या उषा हिची कथा आहे. स्वप्नात तिला एक तरुण भेटतो. जागी होऊन पाहते तो कोणीच नाही. हा तरुण अनिरुद्ध, रुक्मिणीचा नातू. म्हणजे आजीच्या नात्याने आपल्या विदर्भाचाच. पण मला या कथेत मोठी वाटते ती उषेची सखी चित्रलेखा. ती उषेला वेड्यात काढीत नाही. एकेकाचे चित्र काढून ती उषेपुढे ठेवते. अनिरुद्धाचे चित्र पाहताच उषा लाजून मान खाली घालते, आणि मगच चित्रलेखा योगबलाने त्याला द्वारकेहून घेऊन येते. अद्भुत पुढे घडते. आधी कोणीतरी ऐकून घेतलेले असते.

१८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी निघाली. प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण सांगितली आहे : आपल्या लोकांच्या विवाहादी चालीरीती अशा आहेत, की त्यांच्या नित्याच्या जीवनात रस वाटावा असे काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. मी याचा अर्थ असा घेतो, की जेथे लहान मुलीला न विचारता बोहल्यावर उभे करीत, तेथे प्रीतीला जागा उरली ती कल्पनेतच. समाजाला दुखते कोठे, हे अशा कादंबऱ्यांवरून कळते.

आता माझा अनुभव. वीसएक वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये आमच्या एका सोबत्याची दोन बोटे गेली. नुकसानभरपाईसाठी आम्ही भांडलो, ती मिळवली आणि काम झाले असे समजलो. सहा महिन्यांनी त्याची बायको सांगत आली, की तो रात्री ओरडून उठतो. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, सपनात पट्टा थांबतच नाही ना जी." मागणीपत्रात या दुःखाला रकाना नव्हता. तो अधूनमधून कचेरीत येऊन बसू लागला, तेच तेच सांगू लागला. मी ऐकत असे. दुसरे काही मला येत नव्हते. कालांतराने त्याची झोप सुधारली.

आघातानंतरची दुःस्वप्ने पुनःपुन्हा येतात, कारण ती घटना मनाच्या लेखी संपलेली नसते. अलीकडच्या काही दशकांत मानसोपचारात एक पद्धत रूढ झाली आहे. रुग्णाने जागेपणी ते स्वप्न लिहावे, त्याचा शेवट आपल्या इच्छेप्रमाणे बदलावा आणि बदललेले स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवावे. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण अनेकांची भयस्वप्ने कमी होतात. अद्भुत कादंबरी वाचकासाठी जवळपास हेच करते : जे विपरीत घडले त्याला दुसरा शेवट देऊन पाहते.

मात्र एका राजपुत्राच्या येण्याने सारे दुःख नाहीसे झाले असे लिहिणारी कादंबरी वाचकाला फसवते. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' छापण्यास आरंभ केला. तिच्यात राजपुत्र नाही. यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते, आणि कादंबरीचे नाव वाचकालाच जाब विचारते.

तेव्हा घरातली मुलगी असे पुस्तक उशाशी घेऊन निजत असेल, तर ते हिसकावून घेऊ नका. त्यातले काय आवडले ते तिला विचारा, आणि ती सांगू लागली की मध्ये बोलू नका.