ड्रिलचा आवाज आणि शस्त्रक्रियेनंतरचे ऐकणे

कान वर्षानुवर्षे वाहत राहिला आणि संसर्ग कानामागच्या मॅस्टॉइड या पोकळ्यांच्या हाडात शिरून ते कुरतडू लागला, की ते हाड कोरून काढावे लागते आणि हे काम मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या ड्रिलने होते. या ड्रिलचा आवाज मुख्यतः कवटीच्या हाडातूनच अंतर्कर्णात, म्हणजे ध्वनीचे मज्जासंदेशात रूपांतर करणाऱ्या शंखाकृती भागात, पोहोचत असल्यामुळे कानात बोळा घालून तो अडवता येत नाही आणि शस्त्रक्रिया एकाच कानाची असली तरी दुसरा कानही त्यातून सुटत नाही. किलेन आणि आर्लिंगर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हा आवाज सुमारे १०० डेसिबल भरला, तर दुसऱ्या कानापाशी तो केवळ ५ ते १० डेसिबलने कमी होता.

भारतात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा ९० डेसिबल आहे. मात्र ड्रिल थांबत थांबत आणि त्याहून पुष्कळ कमी वेळ चालते. त्यामुळे अंतर्कर्णातील केशपेशी थकून बारीक, उंच स्वर काही काळ मंद ऐकू येतात आणि बहुतेकांत ही उणीव थोड्या दिवसांत भरून निघते. खरा धोका फिरते टोक कानातील नाजूक हाडांच्या साखळीला लागण्यात आहे, कारण तो धक्का थेट अंतर्कर्णात जाऊन कायमचे बहिरेपण आणू शकतो. गोंगाटापेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा, तो याच अर्थाने.

चंद्रपूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोळसा खाणींत किंवा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या काही केशपेशी आधीच मेलेल्या असू शकतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि जुना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, नसेल तर नंतरची घट ड्रिलमुळे की खाणीमुळे हे सांगता येत नाही. गडचिरोलीत अडचण अंतराची आहे: सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटर दूर, आणि कान वाहायचा थांबला की रोवणी किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून केवळ तपासणीसाठी एवढ्या लांब कोण येणार?

आवाजाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणे मात्र चुकीचे, कारण हाड कुरतडणारा हा रोग मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. रुग्णांनी शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही कानांचा, हाडातून ऐकण्याच्या चाचणीसह, ऑडिओग्राम मागून घ्यावा, तो जपून ठेवावा आणि जखम भरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा काढून घ्यावा.