इंजिनाचा ताप मोजणारा सेन्सर

परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत जिंतूर किंवा गंगाखेडच्या रस्त्यावर जुनी गाडी तापली, की सगळे रेडिएटरकडे बोट दाखवतात. पण दोष कधी कधी कूलंटच्या तापमान सेन्सरचा असतो.

थर्मोस्टॅटजवळ बसवलेल्या या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढले, की त्याचा विद्युतरोध घटतो. बऱ्याच गाड्यांत तो 20 अंशांना सुमारे 2,500 ओहम, तर 80 अंशांना 300च्या आसपास असतो. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. अनेक गाड्यांत पंखाही त्यावरच चालतो. सेन्सरची तार तुटली, तर ईसीयूला इंजिन थंडगार वाटते. मग पेट्रोल जादा जाते, काळा धूर निघतो आणि मायलेज घसरते.

सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण थंड होऊ द्या; तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळते कूलंट अंगावर उडते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कनेक्टर सोडवा, पान्याने जुना सेन्सर काढून नवा वॉशरसह बसवा. फार आवळू नका, आटे जातात. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढा.

मात्र नवा सेन्सर घेण्याआधी जुना मल्टिमीटरने तपासाच. पुष्कळदा गंजलेला कनेक्टर साफ केला तरी काम भागते.