डॅन्यूबकांठची सायकलवाट

सायकलवरून दूरच्या प्रवासास निघणाऱ्याला दोन गोष्टींचें भय असतें: चढाचें आणि मोटारींचें. या दोहोंपासून बव्हंशीं मुक्त असा एक मार्ग युरोपांत डॅन्यूब नदीच्या कांठीं आहे. जर्मनींतील पासाउपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथपर्यंत तो सुमारें ३०० किलोमीटर जातो.

ही वाट मूळची सायकलींसाठीं नव्हे. पूर्वीं प्रवाहाविरुद्ध नावा ओढण्यास घोडे जुंपीत. त्यांच्याकरितां पाण्याच्या कडेनें वाट राखलेली असे. एकोणिसाव्या शतकांत आगबोटी आल्या, घोड्यांचें काम संपलें, वाट मात्र उरली. नदीचा उतार तोच तिचा उतार. साऱ्या प्रवासांत तो दीडशे मीटरांहूनहि कमी भरतो. वाराहि बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीशीं असतो.

नदी हाच जुन्या काळचा राजमार्ग असल्यामुळें इतिहासहि तिच्या कांठींच सांपडतो. मेल्कचा मठ १०८९ सालीं स्थापन झाला. ड्यूर्नश्टाइनच्या गडावर इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला ११९२ च्या अखेरीस पकडून कैदेंत ठेविलें होतें. या दोन गांवांच्या दरम्यान वाखाउचें खोरें, द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा लागतात; २००० सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक वारशांत गणना केली.

श्रोतेहो, अशा वाटेचें मोल किलोमीटरांनीं मोजूं नये. जेथें लहान मुलाला निर्धास्तपणें आपल्यापुढें जाऊं देतां येतें, ती वाट खरी. टाकाऊ ठरलेला मार्ग मोडून न टाकतां जपला, तर पुढील पिढ्यांस तो असा उपयोगीं पडतो.