खिडकी मिटली, तरी प्रोग्राम चालूच
संगणकावरील खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली म्हणजे प्रोग्राम थांबलाच, असे शिक्षकबंधुभगिनींनी समजू नये. काही प्रोग्राम केवळ दृष्टीआड होतात. ते मेमरी अडवून ठेवतात, आणि निकालपत्रकाची फाइल पुन्हा उघडू जाता ती ‘वापरात आहे’ असा संदेश मिळतो. अशा वेळी प्रथम पडद्यावरील घड्याळाजवळच्या लहान चिन्हांत तो प्रोग्राम शोधावा व माऊसची उजवी कळ दाबून तेथूनच रीतसर बंद करावा. तेथे न आढळल्यास विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात, आणि टास्क मॅनेजरच्या यादीत त्याचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करावे. मात्र यात न साठविलेले गुण नष्ट होतात. सबब हा उपाय शेवटचाच मानावा.